न रुसलेल्या जावयाचा अधिक महिना

मी जाड होतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी सगळे सांगायचे. नाशकात रविवार कारंजावर ओळखीचा माणूस भेटला की आधी माझ्या पोटाकडे बघून हसायचा आणि मग तोंडाकडे बघून नमस्कार करायचा. मी सरकारी कचेरीत कारकून. माझ्या खुर्चीचा वेत दर पावसाळ्यात फाटायचा, आणि नवा वेत मंजूर करताना साहेब काही बोलत नसत, एवढाच त्यांचा मोठेपणा.

ऐंशी सालच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. लग्नाला थोडीच वर्षं झालेली. घरातलं लोखंडी कपाट एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे न्यायचं होतं. बायको म्हणाली, "शेजारच्यांना हाक मारा." मी म्हणालो, "कशाला?" आणि लावला जोर. कपाट हललं. माझ्या उजव्या जांघेतही काहीतरी हललं. संध्याकाळी बघतो तर तिथे लिंबाएवढा फुगवटा. झोपलं की आत जायचा, उभं राहिलं की बाहेर यायचा, आणि खोकलं की डोकावून बघायचा.

डॉक्टरांनी मला खोकायला लावलं, दोनदा "हं" म्हणाले आणि हात धुतले.

"हर्निया आहे. ऑपरेशन करावं लागेल."

"करा मग."

"आत्ता नाही. पोटावर ही एवढी चरबी! टाके घालू ते धरणार नाहीत, वर्षाच्या आत परत माझ्यासमोर याल. आधी दहा किलो उतरवा, मग टेबलावर घेतो."

"आणि नाही उतरले तर?"

"तर एखाद्या दिवशी आतडं त्यात अडकेल, तुम्हाला ओरडत इथे आणतील आणि जसे असाल तसे कापावे लागेल. तेव्हा काय होईल ते आज विचारू नका."

तोवर वापरायला त्यांनी एक पट्टा दिला. कातडी, कमरेला आवळायचा, खाली जांघेपाशी एक टणक गादी. तो घालून बाहेर पडलो तेव्हा टांग्याच्या घोड्यांबद्दल मला एकदम जिव्हाळा वाटू लागला.

आता हे दुखणं चांगलंसं असतं, गुडघ्याचं, दाताचं, तर मी ते गावभर मिरवलं असतं. पण जांघेतलं! आईला सांगावं तर तिनं सगळ्या आळीला सांगितलं असतं. सासरी सांगावं तर "कुठं दुखतंय?" या साध्या प्रश्नाचं उत्तर देताना सासूबाईंसमोर हात कुठे ठेवायचा? बायकोला शपथ घातली: कुणाला सांगायचं नाही. ती म्हणाली, "सांगण्यासारखं आहे तरी काय त्यात?"

मग उतरवणं सुरू झालं. ताटात अर्धी भाकरी, पातळ वरण, काकडी. घरात जमलं. कचेरीत जमेना. आमच्या कचेरीत रोज कुणाला तरी मुलगा व्हायचा, किंवा कुणाचा तरी आधीच झालेला मुलगा पास व्हायचा, आणि पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलापासून फिरायला लागायचा. "अरे, एका पेढ्यानं काय होतंय?" हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्याला हर्निया नसणार.

दर रविवारी मी बसनं नाशिकरोडला जायचो आणि स्टेशनावरच्या वजनाच्या यंत्रावर उभा राहायचो. ते लाल-पिवळे दिवे लुकलुकायचे, चाक फिरायचं, आणि पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. पहिले काही रविवार वजन हललं नाही, भविष्य मात्र सुधारत गेलं. मग वजनही हललं. आकडा एक, दीड, अडीच किलोनं खाली यायला लागला आणि मला माझ्या पायांचे अंगठे ओझरते दिसू लागले.

आणि अधिक महिना आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीनेक वर्षांनी हा जादा महिना येतो आणि त्या महिन्यात जावई हा माणूस राहत नाही, विष्णू होतो. त्याला बायकोसकट पाटावर बसवायचं, ओवाळायचं, तेहतीस अनारसे दिवा लावून दान द्यायचे आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून तो नको-नको म्हणेपर्यंत खाऊ घालायचे. नको-नको म्हणाला की मग खरं वाढायला सुरुवात करायची. देवळातल्या मूर्तीला आपण नैवेद्य दाखवतो. ती खात नाही, आणि कुणी तिच्यावर रागावत नाही. मला ती सवलत नव्हती.

कारण जावई जेवला नाही तर त्याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो: जावई रुसला. आणि रुसला म्हणजे त्याला काहीतरी हवंय. लग्नात नवरदेव अंगठीसाठी घास अडवून बसतो, तीच ही जात.

पहिलं बोलावणं देवळा गावचं, बायकोच्या मावशीकडचं. मावशींनी खापरावरचे मांडे केले होते. पुरण भरलेले, परातीएवढे, इतके पातळ की त्यातून समोरचा माणूस दिसावा. मला समोर डॉक्टर दिसत होते. मी अर्धा मांडा खाल्ला आणि ताटावर हात आडवा धरला.

"अहो, अर्ध्यात हात धुता का काय?" मावशी म्हणाल्या.

"पोट भरलं, मावशी. खरंच."

त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. ते भरलंय यावर विश्वास ठेवायला त्याच्या आकारमानानं काहीच मदत केली नाही. त्या आत गेल्या. आतून त्यांच्या मालकांचा दबका आवाज आला, त्या बाजूच्या अहिराणीत: "जवाई रुसना शे!" थोडी खुडबूड झाली, आणि माझ्यासाठी बाहेर आलेल्या आहेराच्या शर्टपीसवर एक चांदीचा पेलाही उभा होता.

"पेला कशाला, मावशी? नको, नको," मी म्हणालो.

मी विनय दाखवत होतो. त्यांनी ऐकलं ते असं, की पेला लहान पडला.

परतीच्या एसटीत बायकोनं खिडकी लावून घेतली. मग म्हणाली, "आपण घरी पोचायच्या आत हे सायखेड्याला कळलेलं असेल." सायखेडा म्हणजे तिचं माहेर. फोन तिथे साऱ्या गावात मिळून एकच होता, पण बातमीला फोन लागत नाही.

"मग मला सांगू द्या ना खरं," ती म्हणाली. "शपथ सोडवा."

"तुझ्या आईला माझी जांघ सांगणार तू?"

"मी हर्निया सांगेन. जांघ ती आपोआप समजेल."

मी शपथ सोडवली नाही. आज वाटतं, माझ्या अंगात चरबीखालोखाल जर काही जास्त असेल तर ती लाज.

सायखेड्याला आम्ही पुढच्या रविवारी गेलो. गोदावरी लाल पाण्यानं भरून चालली होती. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो, सासूबाईंना मामी. मामा किडकिडीत, उंच, बोलायला कमी. कांदा हा त्यांचा विषय आणि तोही कुणी काढला तरच. मामी ठेंगण्या, आणि त्यांना विषय लागायचा नाही.

त्या दिवशी मात्र मामीही जपून बोलत होत्या. दारातच माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी डोळ्यांनी मामांना काहीतरी विचारलं. आम्हाला पाटावर बसवलं, ओवाळलं. ताट आलं: धोंडे, कढी, कुरडया, भजी, आणि तुपाची तांब्याएवढी लोटी.

"चटणी बी घ्या," मामी म्हणाल्या. "पण तिला आता ती चव नाय. माझा लसूण ठेचायचा गोटा गेला ना, तवापासून नाय. नदीतनं शोधून आणलेला, हातात बसायचा असा. त्या शेजारणीनंच उचलला. तवापासून बोलत नाय मी तिच्याशी."

मामा खाली मान घालून कढी भुरकत होते.

मी एक धोंडा खाल्ला. दुसऱ्याला हात आडवा.

"एका धोंड्यात पोट भरतं? आमच्या मांजराचं भरत नाय."

"नको मामी."

"माझी आण हाय."

"मामी, खरंच नको."

शेजारच्या पाटावरून बायको हळूच म्हणाली, "खा हो एक." आणि लगेच, "नका खाऊ." आणि मग तिनं डोळ्यांना पदर लावला. ते मामींनी बघितलं. झालं. पुरावा मिळाला.

अनारशांचं ताट आलं, धोतरजोडी आली, बायकोला लुगडं आलं. मी सगळ्याला नमस्कार केला, पण दुसऱ्या धोंड्याला हात लावला नाही. मामींनी मामांकडे पाहिलं. मामांनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढली आणि माझा हात हातात घेतला. अंगठी माझ्या करंगळीच्या पहिल्या पेरापाशी अडकली. त्यांनी जरा जोर केला. मी म्हणालो, "मामा, राहू द्या, नको मला."

घरात इतकी शांतता झाली की कुरडई मोडल्याचा आवाज आला असता. पण कुरडई कोण मोडणार?

मामा उठले. "चला जावईबापू, कांदे दाखवतो."

घरामागं कांद्याची चाळ होती: बांबूच्या पट्ट्यांची लांबट खोली, आत उन्हाळी कांदा छातीपर्यंत भरलेला. मामा तिथे उभे राहिले आणि एकेक कांदा उचलून, दाबून, नासका बाहेर फेकू लागले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "फटफटी पाहिजे का?"

"नाही हो मामा!"

"मंग शहरात जागा घ्यायची?"

"नाही."

एक नासका कांदा लांब जाऊन पडला.

"पोळा झाला की बैलजोडी विकायला काढतो. लेकीच्या संसारापुढं बैल मोठा नाय. पण एक सांगतो जावईबापू, काय राग असंल तो माझ्यावर काढा. तिला आणून सोडू नका."

तोवर मी या सगळ्याकडे माझी फजिती म्हणून बघत होतो. बायकोचे भरलेले डोळे, मामींची कुजबुज, ती अंगठी. मी माझ्या पोटाच्या वर कधी मान काढून बघितलंच नव्हतं. समोरचा माणूस, ज्यानं आयुष्यात कुणापुढे मान वाकवली नसेल, तो कांद्यांशी बोलत असल्यासारखा माझ्याशी बोलत होता, कारण माझ्याकडे बघायची त्याला भीती वाटत होती.

मी सदरा वर केला, पायजम्याची नाडी सैल केली आणि पट्टा दाखवला.

मामा बघत राहिले. मग वाकले. बैलाचं नवं सामान तपासावं तसं त्यांनी पट्ट्याचं कातडं बोटांत धरून पाहिलं, बक्कल ओढून पाहिलं.

"हे शहरात मिळतं?"

"डॉक्टरांनी दिला. हर्निया आहे, मामा. आतडं उतरतं. वजन उतरल्याशिवाय ते कापणार नाहीत, आणि नाही कापलं तर एखाद्या दिवशी अडकेल. म्हणून खात नाही. दुसरं काहीसुद्धा नाही."

मामांनी चाळीच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. मग मान वळवून त्यांनी धोतर वर घेतलं. आत लंगोट, लंगोटाच्या डाव्या बाजूला जुन्या लुगड्याची घट्ट गुंडाळी. त्यांनी तिच्यावर बोटानं टकटक केलं. आतून दगडाचा आवाज आला.

"चपटा गोटा हाय," ते म्हणाले. "बरोब्बर बसतो."

"कधीपासून?"

"तुमची बायको शाळेत जायची तवापासून."

"मामींना माहिती आहे?"

"खुळे का तुम्ही? राखणीला मळ्यात निजतो मी, ते काय कांद्यासाठी?"

आणि मग आम्ही दोघं हसलो. म्हणजे, हसायला लागलो आणि दोघांनीही एकदम आपापल्या जागी हात दाबला, कारण हसलं की ते बाहेर येतं.

"ऑपरेशन का नाही केलं, मामा?"

"भ्या वाटतं." इतकं सरळ उत्तर मला कुठल्याही पुरुषाकडून मिळालं नव्हतं. त्यांनी धोतर सारखं केलं, एक चांगला कांदा परत राशीवर ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही करा आधी. जगलात तर मी बी करतो."

म्हणजे आता माझ्या पोटावर दोघांचं आतडं अवलंबून होतं.

घरात आल्या आल्या मामांनी जाहीर केलं, "अगं ए, उगं वाढू नको. जावईबापूंनी अधिकाचा नेम धरलाय. ताटात पहिल्यांदा पडंल तेवढंच खायचं, दुसऱ्यांदा घ्यायचं नाय."

मामींचा चेहरा असा उजळला की मला स्वतःची लाज वाटली. "अगं बाई! मंग आधी का नाय सांगितलं?"

"नेम काय बोलून दाखवत्यात?"

मामींनी मला हात जोडले. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी डोळ्यांनी तिला 'नंतर' असं सांगितलं. आग्रह, आण, अश्रू यांपुढे माझं जे 'नको' टिकत नव्हतं ते 'नेम' या एका शब्दानं टिकलं. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळच्या जेवणाला मामी परात घेऊन आल्या. परातीत भाताचा डोंगर, त्यावर धोंड्यांची रास, त्यावर तुपाचा ओढा. ती परात त्यांनी माझ्या ताटावर एका झटक्यात पालथी केली.

"एकदाच पडलं, बघा," त्या म्हणाल्या. "नेम मोडला नाय."

मी मामांकडे बघितलं. मामांनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, "आन मुठीत मावंल तेवढंच. ते सांगायचं राह्यलं."

मामींनी माझ्या हाताकडे निरखून पाहिलं. "मूठ जरा उघडी धरा, जावईबापू."

तिथून पुढे मात्र रस्ता सोपा झाला. अधिक संपला तरी चातुर्मास होता, मामांनी नेम तो संपेपर्यंत वाढवला. देवळ्याच्या मावशींनी निरोप धाडला की आमच्याकडून ओळखण्यात चूक झाली, माफी असावी. आईनं आळीत सांगितलं. कचेरीत पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावरून हात जोडून पुढे जाऊ लागला. माझं वजन उतरत होतं आणि पुण्य चढत होतं, आणि दोन्हींचं भांडवल मामांच्या एका थापेवर उभं होतं.

कांदा विकायला मामा नाशकाला आले की मला बाजारात बोलावून घ्यायचे. स्टेशनाच्या यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता, "त्ये भविष्य सांगतंय, त्ये वजन काय खरं सांगणार?" गोण्या मोजून झाल्या की ते मला त्याच काट्यावर उभं करायचे. एकदा एका हमालानं विचारलं, "मामा, ह्या मालाला काय भाव?"

"अजून वाळायचाय," मामा म्हणाले.

दिवाळीनंतर वाळलो. डॉक्टरांनी पोटाला चिमटा घेऊन बघितला, समाधानानं "हं" म्हणाले आणि तारीख दिली. शुद्धीवर आलो तेव्हा खाटेशेजारी मामा उभे होते. टोपी हातात.

"जिते हायात का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"दुखतंय?"

"हसलो की."

त्यांनी मान हलवली, माझ्या पांघरुणाकडे बघितलं, टोपी घातली आणि निघून गेले. पुढे कितीतरी दिवस सायखेड्याहून काही हालचाल नाही. मला वाटलं, घाबरले. आणि थंडीत एका सकाळी मामा पिशवी घेऊन आमच्या दारात उभे. घरी सांगून आले होते की कांद्याचा भाव बघायला चाललोय.

त्यांचंही नीट पार पडलं. मामींना मात्र आता कळवणं भाग होतं. त्या पहिल्या एसटीनं आल्या, डब्यात भाताची पेज घेऊन, आणि खाटेवर पडलेल्या माणसाला झापायला सुरुवात केली. "एवढी वर्षं! एवढी वर्षं आन मला नाय! पेज घ्या. आणखी घ्या. घोटभर घ्या हो!" नर्सनं मामांचे कपडे बोचकं करून त्यांच्या हातात दिले. मामींनी ते झटकले. लुगड्याच्या चिंधीतून काहीतरी सुटलं, फरशीवर ठणकन आपटलं आणि घरंगळत माझ्या पायापाशी आलं.

मी उचलायच्या आत मामींनी उचललं. तळव्यावर ठेवलं, मूठ मिटली, उघडली. बसला बरोबर.

"हा माझा गोटा हाय."

मामांनी डोळे मिटून घेतले. त्यांना पुन्हा भूल हवी होती.

"माझा लसणाचा गोटा! आन त्या बिचारीशी मी बोलत नाय आजपातूर!"

शेजारणीशी त्या बोलायला लागल्या, हे या सगळ्या कापाकापीतून झालेलं एक चांगलं काम.

उन्हाळ्यात आम्ही सायखेड्याला गेलो. मामा बरे होते, मी बरा होतो, कुणाच्याच पोटात आता काही लपलेलं नव्हतं. मामींनी ताटं वाढली आणि वाटीभर लालभडक चटणी घेऊन माझ्यासमोर बसल्या.

"घ्या जावईबापू. बघा, पहिल्यासारखी चव आलीय. गोटा चांगला उकळत्या पाण्यातनं काढला."

"नको, मामी."

"अहो, थोडीशी. आता कसला नेम?"

मी आयुष्यात बऱ्याच ताटांवर हात आडवा धरला आहे, पण इतक्या मनापासून कधी नाही. मदतीसाठी मामांकडे पाहिलं. त्यांनी आधीच आपल्या ताटावर दोन्ही हात पसरले होते.

"माझा बी नेम हाय," मामा म्हणाले.